जहाज बुडालं, भरपाई कोण देणार? मामाचा प्रश्न आणि तीन कायदे

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना जे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ जास्त झाले ते काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

  

सुरुवातीलाच सांगते, मी वकील नाही. मी बीटेक केलंय, पुण्यात कोड लिहिते आणि प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की रात्री दोन वाजता उठून लॉग वाचते. आजचा विषय मी तसाच हाताळणार आहे. एक मोठी सिस्टिम फुटली, आता बघूया की जबाबदारी कुठून कुठे जाते आणि मध्ये कुठे अडकते.

विषय आला मामाकडून. माझा मामा हर्णैचा. सहा सिलिंडरची बोट आहे त्याची, त्यावर तांडेल आणि खलाशी मिळून सात-आठ माणसं. मे २०२५ च्या शेवटी मी घरी गेले होते. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते, त्यामुळे बोटी किनाऱ्याला घ्यायची गडबड चालू होती. तेवढ्यात टीव्हीवर बातमी: केरळजवळ कंटेनरचं जहाज बुडालं. मामाने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “अगं, तू एवढी शिकलीस. हे आपल्या इथे झालं तर माझं नुकसान कोण भरून देणार?”

मी म्हटलं, “कंपनी देईल ना मामा. कायदा असतो.”

मामा म्हणाला, “कुठला?”

आणि मला सांगता येईना. गंमत वाटेल, पण एवढ्याशा ‘कुठला’ने माझे पुढचे कित्येक वीकेंड खाल्ले. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगते.

आधी घटना काय होती ते पाहू.

जहाजाचं नाव एमएससी एल्सा ३. १९९७ साली बांधलेलं, लायबेरियाचा झेंडा लावलेलं. २३ मे २०२५ ला ते विझिंजम बंदरातून कोचीला निघालं. २४ तारखेला कोचीपासून साधारण ३८ सागरी मैलांवर ते एका बाजूला कलायला लागलं. जहाजावर २४ माणसं होती. तटरक्षक दल आणि नौदलाने सगळ्यांना वाचवलं, हे सर्वात आधी सांगायला हवं. २५ मेच्या सकाळी जहाज तळाशी गेलं.

त्यावर ६४० कंटेनर होते. त्यातल्या १३ मध्ये धोकादायक माल आणि १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. कार्बाइड म्हणजे तेच, जे आंबा पिकवायला चोरून वापरतात आणि ज्यावर बंदी आहे. पाणी लागलं की त्यातून ॲसिटिलीन हा पेटणारा वायू निघतो. शिवाय जहाजाच्या टाक्यांत साधारण ३६७ टन फर्नेस ऑइल आणि ८४ टन डिझेल होतं. नंतर कोल्लम, आलप्पुळा भागात कंटेनर किनाऱ्याला लागले आणि वाळूत साबुदाण्यासारखे पांढरे प्लास्टिकचे दाणे यायला लागले. त्यांना नर्डल म्हणतात. बादल्यांपासून बाटल्यांपर्यंत सगळं प्लास्टिक यांच्यापासून बनतं. एकदा का ते वाळूत मिसळले की हाताने वेचावे लागतात. लोक चाळण्या घेऊन वेचत होते.

केरळ सरकारने ही राज्य आपत्ती म्हणून जाहीर केली. बुडालेल्या जागेभोवती २० सागरी मैलांत मासेमारी बंद झाली. लोक मासे घ्यायला घाबरायला लागले. मच्छीमार कुटुंबांना तातडीची मदत जाहीर झाली ती १००० रुपये आणि ६ किलो तांदूळ.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, “हजार रुपयांत माझ्या बोटीचा एका फेरीचा बर्फपण येत नाही.”

तर प्रश्न तोच. उरलेलं कोण देणार? मला तीन रस्ते सापडले. एक पर्यावरण कायद्याचा, एक संविधानाचा आणि एक समुद्री कायद्याचा. एकेक घेऊ.

पहिला रस्ता, पर्यावरण कायदा.

इथे मूळ तत्त्व अगदी आजीच्या भाषेतलं आहे: ज्याने घाण केली त्याने साफ करायची आणि ज्याचं नुकसान झालं त्याला भरून द्यायचं. इंग्रजीत याला पोल्युटर पेज म्हणतात. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या प्रकरणात, म्हणजे वेल्लोर खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग आहे. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे एनजीटी आलं आणि या तत्त्वाप्रमाणे निकाल द्यायचं बंधन त्याच्यावर आलं.

आणि याचं एक उदाहरण आपल्याच दारात आहे. ऑगस्ट २०११. एमव्ही रॅक नावाचं पनामाच्या झेंड्याचं जहाज मुंबईपासून साधारण २० सागरी मैलांवर बुडालं. पोटात ६० हजार टनांहून जास्त कोळसा, शिवाय इंधनाचं तेल. मुंबईतल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याने एनजीटीत अर्ज केला. ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल लागला. जहाज प्रवासाच्या लायकीचं नव्हतं असं न्यायाधिकरणाने म्हटलं, जहाजाशी संबंधित परदेशी कंपन्यांना १०० कोटी रुपये भरायला सांगितलं आणि ज्यांचा कोळसा होता त्या भारतीय कंपनीला ५ कोटी.

ऐकायला भारी वाटतं ना? मलाही वाटलं. मग तारखा पाहिल्या. जहाज बुडालं २०११ ला, आदेश आला २०१६ ला. पाच वर्षं. तोपर्यंत जहाज चिखलात रुतलेलं आणि कंपन्या देशाबाहेर. आदेश द्यायला एनजीटी आहे, पण परदेशातल्या कंपनीकडून पैसे आणायचे म्हणजे तिची इथे काहीतरी मालमत्ता हवी. मामाच्या भाषेत सांगायचं तर, उधारी वहीत लिहिली, पण ज्याच्या नावावर लिहिली त्याचं घर कुठे आहे तेच माहीत नाही.

दुसरा रस्ता, संविधान.

अनुच्छेद २१ तुम्ही शाळेत वाचलंय: जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. त्यात समुद्र, मासे, तेल असं काहीही लिहिलेलं नाही. पण १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी हे जगण्याच्या हक्कातच येतं. त्याच्या पुढचं पाऊल मार्च २०२४ चं. एम. के. रणजितसिंह खटला. खरं तर तो माळढोक पक्ष्यांचा आणि विजेच्या तारांचा खटला. आपल्या सोलापूरच्या नान्नज अभयारण्यामुळे माळढोक आपल्याला ओळखीचा आहे, पण हा वाद राजस्थान आणि गुजरातमधल्या तारांचा होता. त्यात न्यायालयाने सांगितलं की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मधून येतो.

म्हणजे हक्क मोठा आहे आणि तो वाढत चाललाय. पण मूलभूत हक्कांचा जाब आपण मुख्यतः सरकारला विचारतो. जहाज लायबेरियाच्या झेंड्याखाली, मालक तिसऱ्याच देशात. त्याच्यापर्यंत हा हक्क पोचतो का?

याचं उत्तर मला शेजारच्या श्रीलंकेत सापडलं. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल नावाचं सिंगापूरच्या झेंड्याचं कंटेनर जहाज पेटलं आणि जूनमध्ये बुडालं. त्यावर १६८० टन नर्डल होते. किनारे पांढरे झाले, मासेमारी बंद पडली. पर्यावरण संघटना, मच्छीमार आणि कोलंबोचे कार्डिनल यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात मूलभूत हक्कांच्या याचिका केल्या. २४ जुलै २०२५ ला निकाल आला: जहाजाच्या कंपन्यांनी १०० कोटी डॉलर द्यावेत, एका वर्षाच्या आत, हप्त्याहप्त्याने.

१०० कोटी डॉलर! मी हा निकाल वाचला तेव्हा रात्री साडेअकराला मामाला फोन लावणार होते. बरं झालं नाही लावला. कारण सप्टेंबरमध्ये कंपनीने जाहीरच केलं की हे पैसे आम्ही देणार नाही. का? कारण २०२३ मध्ये लंडनच्या ॲडमिरल्टी कोर्टाने त्यांची जबाबदारी साधारण १ कोटी ९० लाख पौंडांपुरती मर्यादित केली होती.

आता थांबा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. कोलंबोत १०० कोटी डॉलर, लंडनमध्ये १ कोटी ९० लाख पौंड, म्हणजे अंदाजे अडीच कोटी डॉलर. जहाज तेच, समुद्र तोच, दाणेही तेच. एका कोर्टाने पाहिलं की माणसांचं किती गेलं, दुसऱ्याने पाहिलं की जहाज किती मोठं होतं.

हो, जहाज किती मोठं होतं! समुद्री कायद्यात ही फार जुनी गोष्ट आहे आणि आपण त्यावर येणारच आहोत. आधी तिसरा रस्ता.

तिसरा रस्ता, समुद्री कायदा. इंग्रजीत ॲडमिरल्टी.

मला वाटायचं हा सगळ्यात कंटाळवाणा असेल. पण निघाला सगळ्यात भन्नाट. या कायद्यात तुम्ही माणसावर किंवा कंपनीवर नाही, थेट जहाजावर दावा लावू शकता. प्रतिवादी म्हणजे जहाज! आणि न्यायालय त्या जहाजाला अटक करतं. खरोखर अटक. हुकूम निघतो, तो जहाजावर लावला जातो, बंदराला कळवलं जातं आणि जहाज हलत नाही. मालकाला जहाज सोडवायचं असेल तर त्याने न्यायालयात सुरक्षा रक्कम भरायची. कारण सोपं आहे. मालक तीन देशांच्या कागदांआड लपू शकतो. जहाज लपू शकत नाही, ते बंदरात उभं असतं.

यात एक गोव्याची गोष्ट आहे. १९८४ साली एमव्ही एलिझाबेथ नावाचं परदेशी जहाज गोव्यातल्या एका कंपनीचा माल घेऊन मुरगावहून निघालं आणि मालाच्या कागदांवरून वाद झाला. पुढे जहाज विशाखापट्टणमला आलं, तेव्हा तिथे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या हुकमाने त्याला अटक झाली. मालक म्हणाले, तुमच्या कोर्टाला हा अधिकारच नाही, इंग्रजांनी तुम्हाला १८६१ च्या कायद्यात जेवढं दिलं तेवढंच तुमच्याकडे आहे. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फेटाळलं. आपली उच्च न्यायालयं स्वतंत्र देशाची न्यायालयं आहेत, त्यांचा अधिकार इंग्रजांच्या काळात गोठलेला नाही. तरी संसदेचा स्वतःचा कायदा यायला आणखी २५ वर्षं लागली. ॲडमिरल्टी कायदा, २०१७. त्यात किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांना हा अधिकार मिळाला. आपलं मुंबई उच्च न्यायालय त्यात आहेच, केरळचंही आहे.

या कायद्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक, दावा कशाकशासाठी करता येतो त्या यादीत जहाजामुळे पर्यावरणाला आणि किनाऱ्याला झालेलं नुकसान स्पष्ट लिहिलंय. दोन, ज्या जहाजाने नुकसान केलं तेच पकडलं पाहिजे असं नाही, त्याच मालकीचं दुसरं जहाजही पकडता येतं. याला सिस्टर शिप म्हणतात. मामाला हे सांगितल्यावर त्याचे डोळे चमकले. “म्हणजे भावाने उधारी बुडवली तर बहिणीची बोट अडवायची?” म्हटलं, “जवळजवळ तेच. पण दोघांचा बाप एकच आहे हे सिद्ध करायला लागतं.”

आणि केरळने नेमकं हेच केलं. एल्सा ३ तर तळाशी गेलेलं. राज्य सरकारने केरळ उच्च न्यायालयात ९५३१ कोटी रुपयांचा ॲडमिरल्टी दावा लावला. ७ जुलै २०२५ ला न्यायालयाने विझिंजम बंदरात उभं असलेलं एमएससी अकिटेटा २ हे जहाज सशर्त अटकेत घेतलं. मग दोन्ही बाजूंचं ऐकून सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की जहाज सोडवायचं तर १२२७ कोटी ६२ लाख रुपयांची सुरक्षा द्या.

नीट लक्ष द्या, हा निकाल नाही. सुरक्षा रक्कम म्हणजे नुकसानभरपाई नाही. खटला चालेल, पुरावे येतील, अपिलं होतील. आणि ही रक्कम दाव्याच्या साधारण १३ टक्केच आहे. पण एमव्ही रॅकशी तुलना करा. तिथे पाच वर्षांनी कागद हातात आला. इथे दोन महिने व्हायच्या आत जहाज हातात होतं.

आता यात एक अडचण आली, ती मला खूप महत्त्वाची वाटते, कारण तिथे पुन्हा संविधान मध्ये येतं.

आपल्या १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याप्रमाणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत आपला प्रादेशिक समुद्र. तिथून पुढे २०० मैलांपर्यंत विशेष आर्थिक क्षेत्र. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी हा राज्याचा विषय आहे, पण प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी केंद्राची. आणि अनुच्छेद २९७ सांगतं की समुद्रातली संपत्ती केंद्राच्या ताब्यात. एल्सा ३ जिथे बुडालं ती जागा किनाऱ्यापासून जेमतेम १४-१५ मैलांवर. म्हणजे रेषेच्या दोन-तीन मैल पलीकडे. साहजिकच प्रश्न आला: मग केरळ राज्य कोण लागून गेलं दावा करणारं?

मी मामाला विचारलं, “तुला बोटीवर ही १२ मैलांची रेषा कळते का?” तो म्हणाला, “जीपीएसवर आकडा दिसतो. पण तेलाकडे जीपीएस असतं का?”

तेवढंच पुरेसं आहे. जहाज रेषेच्या पलीकडे बुडालं तरी दाणे अलीकडे आले. हा आक्षेप समोर असूनही न्यायालयाने राज्याच्या दाव्यावर सुरक्षा मागितली, म्हणजे निदान या टप्प्यावर तरी राज्याला दारातून परत पाठवलं नाही. अंतिम उत्तर काय येतं ते उद्या महाराष्ट्रासाठीही महत्त्वाचं आहे. एमव्ही रॅकसुद्धा १२ मैलांच्या पलीकडेच बुडालं होतं आणि तेव्हा एनजीटीने आपला अधिकार तिथवर पोचतो असंच धरलं होतं.

बरं, आता ती जुनी गोष्ट, जहाजाचा आकार.

समुद्री कायद्यात जहाजमालकाला आपली जबाबदारी मर्यादित करून घेता येते. ही मर्यादा नुकसानावर ठरत नाही, जहाजाच्या टनेजवर ठरते. १९७६ चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्याचा १९९६ चा प्रोटोकॉल यात तक्ते आहेत. जहाज एवढ्या टनांचं, तर एवढी रक्कम. मालक तेवढे पैसे एका निधीत भरतो आणि सगळ्या दावेदारांनी त्यातून वाटून घ्यायचं. ही मर्यादा मोडायची तर सिद्ध करावं लागतं की मालकाने स्वतः मुद्दाम नुकसान केलं, किंवा असं नुकसान होण्याची शक्यता आहे हे माहीत असूनही बेपर्वाई केली. हे सिद्ध करणं किती कठीण आहे हे सांगायला वकील नको.

ही पद्धत अगदीच वेडेपणाची नाही, हेही सांगते. मर्यादा असते म्हणून विमा मिळतो, विमा मिळतो म्हणून निदान काही पैसे नक्की असतात. अमर्याद जबाबदारी कागदावर असली आणि कंपनीने दिवाळं काढलं तर शून्य. हा युक्तिवाद मला पटतो. पण तक्ता करताना कोणीतरी ठरवलं की मोजायचं ते जहाज, समुद्र नाही. ते मला पटत नाही.

आणि नर्डलची गंमत बघा. टँकरमधून तेल सांडलं तर त्यासाठी वेगळा आंतरराष्ट्रीय करार आणि निधी आहे. कुठल्याही जहाजाचं इंधन सांडलं तर त्यासाठी बंकर करार आहे. भारत दोन्हीत आहे. प्लास्टिकच्या दाण्यांसाठी मात्र असा वेगळा करार नाही. वर्षानुवर्षं वाळूत राहणारी गोष्ट, आणि तिच्यासाठी स्वतंत्र खानाच नाही.

मग आपल्या संसदेने काही केलं का? २०२५ मध्ये बरंच. बिल्स ऑफ लेडिंगचा १८५६ चा, मालवाहतुकीचा १९२५ चा, बंदरांचा १९०८ चा आणि मर्चंट शिपिंगचा १९५८ चा, हे चारही कायदे बदलून नवे आले. आमच्या भाषेत, लेगसी कोड एकदाचा काढला. १८५६ म्हणजे पहिल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीचा कायदा इतकी वर्षं चालू होता, यावर विश्वास बसत नाही. हे काम व्हायलाच हवं होतं. पण टनेजवर मर्यादा ठरवायची कल्पना नव्या मर्चंट शिपिंग कायद्यातही आहे. त्यामुळे मामाच्या प्रश्नाचं उत्तर या नव्या कायद्यांनी तरी फारसं बदललेलं नाही.

तर आता मामाच्या ‘कुठला’चं उत्तर. तिन्ही. संविधान म्हणतं की स्वच्छ समुद्रावर तुझा हक्क आहे. पर्यावरण कायदा म्हणतो की ज्याने बिघडवलं त्याने भरावं. आणि समुद्री कायदा म्हणतो की चल, त्याचं जहाज धरू. श्रीलंकेकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या आणि प्रचंड मोठा आकडा होता, पण पैसे देत नाही म्हणणाऱ्या कंपनीसमोर तो आकडा कागदावरच थांबला. केरळने आधी जहाज धरलं, मग आकड्यावर वाद सुरू केला. माझ्या मते या सगळ्यातून शिकण्यासारखं हेच आहे. उद्या महाराष्ट्रावर अशी वेळ आली तर पहिल्या आठवड्यात मुंबई उच्च न्यायालय गाठायला हवं, पाच वर्षांनी नाही.

इथे हा भाग संपायला हवा होता. पण मला आणखी एक गोष्ट सापडली आणि ती मला झोपू देईना.

एल्सा ३ च्या प्रकरणात पहिली अटक केरळ सरकारच्या दाव्यावर झाली नव्हती. ती झाली काजूच्या व्यापाऱ्यांसाठी. त्यांचा काजू त्या कंटेनरमध्ये होता. जून २०२५ मध्येच, जहाज बुडून महिना व्हायच्या आत, त्यांच्या दाव्यावर एमएससी मनासा एफ हे दुसरं जहाज अडवलं गेलं. दावा साधारण ६ कोटींचा होता. कंपनीने रक्कम जमा केली आणि जहाज सुटलं.

व्यापाऱ्यांनी काही चूक केली नाही. त्यांचा माल गेला, त्यांनी हक्क मागितला, अगदी बरोबर. पण ते इतके झटपट का पोचले? कारण त्यांच्याकडे बिल होतं. बिल ऑफ लेडिंग होतं. किती टन, कुठला दर, किती रुपये, सगळं कागदावर.

आणि मच्छीमार? केरळच्या ९५३१ कोटींपैकी ८६२६ कोटी पर्यावरणाच्या नुकसानीचे, ३७८ कोटी पूर्ववत करायच्या खर्चाचे आणि ५२६ कोटी मच्छीमारांच्या नुकसानीचे. ही ५२६ कोटींची रक्कम एक दिवस कोर्टात एकेका बोटीपर्यंत सिद्ध करायची वेळ आली तर प्रत्येकाला विचारतील, तुझं रोजचं उत्पन्न किती होतं? दाखव.

मी मामाला विचारलं, “तू काय दाखवशील?”

मामा गप्प. मग म्हणाला, “लिलावात पावती कोण देतो गं? बोली लागते, पैसे हातात येतात, संपलं.” तुम्ही हर्णैचा लिलाव पाहिला असेल. संध्याकाळी वाळूवर बैलगाड्या, टोपल्या, सुरमई, पापलेट, कोळंबी, आरडाओरडा. लाखोंची उलाढाल, आणि कागद जवळजवळ नाही.

तेवढ्यात मामी आतून आली आणि माझ्यासमोर एक वही टाकली. लाल पुठ्ठ्याची, डागाळलेली, मासळीचा वास येणारी. “ही चालेल का तुझ्या कोर्टाला?”

उघडून बघितलं तर २०१९ पासूनच्या नोंदी. तारीख, काय मासळी, किती टोपल्या, कितीला गेली, खलाशांना किती दिले. ज्या दिवशी बोट गेली नाही त्या दिवशी फक्त ‘वारा’ एवढंच लिहिलेलं. मामाला हे माहीतच नव्हतं! म्हणजे ती लिहिते हे माहीत होतं, पण त्याला वाटायचं घरखर्च लिहिते.

मला कामावर ऑडिट लॉग नसला तर माझा मॅनेजर ओरडतो. इथे मामी सहा वर्षं, कोणी न सांगता, ऑडिट लॉग लिहीत होती.

चालेल का कोर्टाला? एकटी वही पुरेल असं मी म्हणणार नाही. पण तिला जोड मिळाली तर ती खूप काही सांगेल. म्हणून त्या सुट्टीत आम्ही तिघांनी बसून एक काम केलं. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून क्लाउडवर टाकला. नौकेची नोंदणी आणि मासेमारी परवाना स्कॅन केला. सोसायटीतून डिझेल घेतो त्या पावत्या, ज्यांवर डिझेल परतावा मिळतो, त्या लावल्या. बर्फाची बिलं लावली. जीपीएसमधल्या फेऱ्या उतरवून ठेवल्या. आणि मामीला एक साधी शीट करून दिली, मोबाइलवर मराठीत भरता येईल अशी. तिने दोन दिवस भरली, मग म्हणाली, “वहीच बरी. तू फोटो काढत जा.” ठीक आहे. आता दर रविवारी ती व्हॉट्सॲपवर पान पाठवते आणि मी जपून ठेवते. मागच्या रविवारी पानाच्या कोपऱ्यात मासळीचा खवला चिकटलेला होता.

तुमच्यापैकी कितीतरी जणांचं घर किनाऱ्यावर आहे. पालघर, वसई, वर्सोवा, रेवदंडा, दाभोळ, मालवण, पणजी. तुमच्या घरातही कोणीतरी वही लिहीत असेल. तुमच्या फोनमध्ये कॅमेरा आहे. मी जहाज पकडू शकत नाही, टनेजचा तक्ता बदलू शकत नाही. पण कधी वेळ आली तर आपल्या माणसाला ‘दाखव’ म्हटल्यावर गप्प बसायला लागू नये, एवढं आपण करू शकतो.

तुमच्याकडे अशी वही असेल तर कळवा. आणि तुमच्यात कोणी ॲडमिरल्टीचं काम करणारे वकील असतील आणि माझं काही चुकलं असेल, तर जरूर सांगा, पुढच्या भागात दुरुस्त करीन. मामा ऐकतोय, त्यामुळे चुकीला माफी नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.